जोडचिठ्ठी

नगराळे सरांची खुर्ची पहिल्या दिवशी नकाशांच्या कपाटापाशी होती. शिक्षकांच्या खोलीत मधोमध लांब टेबल, टेबलाभोवती आम्ही दहा-अकरा मास्तर, आणि पार भिंतीकडे, गुंडाळलेले नकाशे नि चेपलेला पृथ्वीगोल ठेवायचे तिथं, इंग्रजी शिकवायला आलेले हे नवे सर. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. शिपाई रामजीनं खुर्ची तिथं नेऊन ठेवली आणि आमच्यापैकी कुणीही 'इकडे घे रे' म्हटलं नाही. मीही नाही. १९५७ सालचा जून होता. आदल्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन या सरांनी आणि त्यांच्या आईनं दीक्षा घेतली, ही बातमी ते येण्याआधीच पांढरकवड्यात पोचली होती. बी.ए.ला त्यांना इंग्रजीत किती मार्क होते, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

सर खुर्चीवर बसले, ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढलं, ढलप्या रुमालात गोळा केल्या, रुमाल खिशात घातला आणि वर्गावर गेले. उंच, हडकुळा माणूस. डोक्याला तेल चापून चोपडलेलं, आणि बारा महिने हातात काळी छत्री. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी आणि हिवाळ्यात कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय मोडू नये म्हणून."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे चहा पीत बसलो होतो. मी बशी पुढे सरकवायला म्हणून हात लांब केला तर माझ्या उजव्या हाताला नगराळे सर. कपबशी टेबलावर, कोपर टेबलावर, अगदी ठिय्या मारून बसलेले. मला आठवेचना की हे इथं कधी आले. कुणालाच आठवेना. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, तर सर शाळेतली शुद्ध भाषा बाजूला ठेवून हसत म्हणाले, "सात फरश्या होत्या गावंडे सर. दर तिसऱ्या सोमवारी एक फरशी पुढं सरकवत गेलो. एकदम येऊन बसलो असतो त तुमी सगळे उठले असते. असा आलो त कोनाले उठाले टाइमच भेटला नाई."

मी खो खो हसलो. आज हसू येत नाही. चार-पाच महिने एक माणूस खोलीच्या एका भिंतीपासून टेबलापर्यंत चालत होता आणि मी, गणित शिकवणारा, रोज शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासत होतो.

त्यांचा एक शब्द होता, 'मंजूर'. मुलानं चुकीचं उत्तर दिलं की ते रागवायचे नाहीत. "मंजूर. आता बरोबर सांग." हेडमास्तरांनी जादा तास गळ्यात मारला की मंजूर. रामजी चहात साखर घालायला विसरला तरी मंजूर. पण त्यांचं मंजूर म्हणजे मान तुकवणं नव्हे, हे हेडमास्तरांना लवकरच कळलं. एका शनिवारी सर नववीचा अख्खा वर्ग घेऊन हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले. नागपूर-हैद्राबादचे ट्रक तिथं ढाब्यापाशी थांबायचे. पोरांनी ट्रकवरची इंग्रजी अक्षरं वाचायची, ड्रायव्हरला इंग्रजीत 'कुठून आलात, काय आणलंत' विचारायचं, आणि शाळेत आल्यावर ते गाव नकाशात शोधायचं. एका सरदारजीला तर पोरांनी इंग्रजी विचारून विचारून एवढं भंडावलं की तो लुंगी सावरत टपावर चढून बसला. सोमवारी हेडमास्तरांनी सरांना बोलावून घेतलं. "नगराळे, रस्ता म्हणजे शाळा आहे काय?" सर म्हणाले, "पोरं इंग्रजीला भितात सर. ट्रकला भीत नाहीत." त्या वर्षी नववीत इंग्रजीत नापास होणारे निम्म्यावर आले. पुढल्या वर्षी हेडमास्तरांनाच कुणा पाहुण्याला सांगताना मी ऐकलं, की आम्ही मुलांना प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन इंग्रजी शिकवतो.

आमची जवळीक झाली ती प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे काय, एक खोली, दोन बाकं, चार परीक्षानळ्या आणि कुलूप. कुलपाची किल्ली माझ्याकडे. मधल्या सुट्टीत मी तिथं डबा खायला बसायचो. एक दिवस सर दारात आले, "येऊ का?" म्हणाले, आणि बाकाच्या पलीकडे, माझ्या समोर बसले. त्यांच्या फडक्यात ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि कधी अंबाडीची भाजी. ती ते स्वतः करायचे. करीमभाईच्या आरा मशीनमागे त्यांची एक खोली होती. दिवसभर लाकडं कापल्याचा आवाज, सगळीकडे भुसा. गावात दुसरी खोली मिळाली नव्हती, आणि करीमभाईनं मात्र नाव-गाव काही न विचारता किल्ली हातात ठेवली होती. पुढेपुढे आम्ही भाज्यांची अदलाबदल करू लागलो. त्यांची अंबाडीची भाजी माझ्या बायकोच्या भाजीपेक्षा चांगली असायची.

आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो. मी डबा शाळेच्या नळावर घासून मगच घरी न्यायचो. सुमनला, माझ्या बायकोला, त्याचं फार कौतुक. शेजारणींना सांगायची, "आमच्या घरचे डबा सोता घासून आनतात." त्यात दुसऱ्याच्या घरची भाजी लागलेली असायची, एवढंच कारण होतं. सर नळापाशी उभे राहून माझं डबा घासणं पाहायचे आणि ट्रकांबद्दल काहीबाही बोलत राहायचे. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी तेव्हा स्वतःला समजावत असे.

त्याच प्रयोगशाळेत त्यांनी मला एक अमेरिकन कादंबरी ऐकवली. सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेलं, पुठ्ठा उडालेलं पुस्तक. तिकडे फार गाजलेलं आहे म्हणाले, कॉलेजात लावतात. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून ते एकेक वाक्य वाचून लगेच मराठीत सांगायचे, आणि मराठी म्हणजे वऱ्हाडी. त्यांच्या तोंडी अमेरिकेतला मजूर दुसऱ्या मजुराला म्हणायचा, "काहून बे, आपलं घर होईन ना?" आणि दुसरा म्हणायचा, "होईन नाई त काय! तू फकस्त पैसे उडवू नोको." मी हसून हसून बेजार. गोष्ट मात्र हसण्याची नव्हती. दोन मजूर, हंगाम पाहून या मळ्यातून त्या मळ्यात जाणारे. मागे गाव नाही, पुढे घर नाही. पण दोघं एकमेकांना सोडत नाहीत, आणि चतकोर जमिनीचं, स्वतःच्या चुलीचं स्वप्न रोज संध्याकाळी एकमेकांना पहिल्यापासून सांगत बसतात. नगराळे सरांना त्यात एक गोष्ट सापडली होती आणि ती ते पुन्हा पुन्हा मला दाखवायचे. "आता असं पाहा. या मळ्यावर इतकी मानसं हायेत. पन समदे आपापली थाळी घेऊन एकमेकायकडं पाठ करून जेवतात. फकस्त हे दोघंच समोरासमोर बसतात. लेखकानं हे कुठं सांगितलं नाई. आपन पाह्याचं असते."

शेवटची पंधरा-वीस पानं त्यांनी दोऱ्यानं बांधून टाकली होती. मी दोऱ्याला हात लावला तर पुस्तक काढून घेतलं. म्हणाले, "मी एकडाव वाचलं. बस झालं." आणि गोष्ट दोघं स्वप्न सांगत बसले आहेत तिथंच संपवून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. तीन वेळा ऐकली मी ती, शेवटाशिवाय.

त्यांचं स्वतःचं स्वप्न त्यांनी फार उशिरा सांगितलं. त्यांची म्हातारी आई मारेगावकडच्या एका खेड्यात एकटी राहत होती. लोकांच्या वावरात निंदण, वेचणी करून तिनं या एकुलत्या एकाला शिकवलं. सर तिला बोलावून थकले. ती म्हणायची, "तू जाशीन शायेत. मी दिवसभर आऱ्याच्या मशिनीसंग बोलू काय?" तिला मोठं घर नको होतं. तिला शेजार हवा होता. सर सांगत होते ते माझ्या कानात अजून आहे. "गावंडे सर, माह्या मायच्या दारात आजवर कोनी विरजन मागाले आलं नाई. तिच्या घरी गाय हाय, दही हाय. पन विरजन मागाले कोन येईन? तिचं म्हननं हाय, जिथं शेजारीन विरजन मागाले येईन, तिथं मी उद्या याले तयार हाय."

आणि मी म्हणालो, "सुमन येईन ना विरजन मागाले. तिचं दही कधी धड लागतच नाई." अगदी सहज म्हणालो. सुमनला विचारलं नव्हतं. पण सरांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला आणि माझ्याकडे पाहतच राहिले.

ही गोष्ट १९५९ ची. त्याच सुमारास आम्ही मास्तरांनी मिळून गावाबाहेर एक वावर घेऊन त्याचे बारा प्लॉट पाडले होते. कोणता प्लॉट कुणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. सेक्रेटरी होते देव मास्तर, संस्कृत शिकवणारे, मोठे नियमाचे. त्या जमिनीला खाली काळा पाषाण. एकट्यानं विहीर खणणं कुणालाही झेपणारं नव्हतं. म्हणून देव मास्तरांनी एक तोड काढली. ज्या दोघांना सामाईक विहीर पाहिजे असेल त्यांनी दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर द्यायची. ती जोडचिठ्ठी. तिला लागून-लागून दोन प्लॉट मिळतील आणि विहीर बरोबर धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, दोन्ही बाजूंनी एकेक गडगडी.

मी आणि नगराळे सरांनी जोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच म्हणालो. ते नुसते मंजूर म्हणाले, आणि त्या दिवशी तो शब्द त्यांना नीट उच्चारताही आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आलेखाचा कागद मागून घेतला आणि त्यावर दोन घरं काढली. दारं समोरासमोर. विहिरीपाशी दोन ओटे, एक सुमनसाठी, एक आईसाठी, बसल्या बसल्या बोलता येईल एवढ्या अंतरावर. चौकोन मोजून काढलेले. छत्री ठेवायला दारामागे खुंटीसुद्धा दाखवलेली.

शिक्षकांच्या खोलीत ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यांचे चेहरे खुलले. मला वाटलं होतं, नाकं मुरडतील. उलट एकेक जण येऊन माझी पाठ थोपटून गेला. "गावंडे, मोठं मन लागतं." देव मास्तर म्हणाले, "तुम्ही आम्हा सर्वांची काळजी मिटवली." चिठ्ठीत जात नसते, असं मोठ्यानं म्हणणारे हे सगळे मनातून एकाच गोष्टीला भीत होते, की नगराळ्यांच्या शेजारचा नंबर आपल्याला निघेल. ती भीती मी एकट्यानं अंगावर घेतली होती. मला हे कळलं, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडलं. सुधारक म्हणून मी आठ-दहा दिवस छाती काढून फिरलो.

मग माझे वडील आले. कळंबकडे आमची शेती. कधी नाही ते बसनं आले, प्लॉटची जागा पाहिली, माती हातात घेऊन चुरली. म्हणाले, "जागा चांगली हाय. पानी लागन. शेजारी कोन हाय?"

"आमच्याच शायेतले एक मास्तर."

"नाव काय त्यायचं?"

मी नाव सांगितलं. वडिलांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बरं," म्हणाले. बस्स. रागावले नाहीत, शिवी दिली नाही, नको म्हणाले नाहीत. त्यांना बसमध्ये बसवून द्यायला गेलो तेव्हा खिडकीतून एवढंच बोलले, "शांतीचं राळेगावच्या पाव्हन्यायसंग जमून राह्यलं. थे लोक तुहं घर पाहाले येतीन. तू शिकेल हायेस. पाहून घेजो."

शांती माझी धाकटी बहीण. मी पाहून घेतलं.

चिठ्ठ्या रविवारी सकाळी शाळेत निघायच्या होत्या. मी तासभर आधी देव मास्तरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर चिठ्ठ्यांच्या घड्या घालत बसले होते. मी म्हणालो, "आमची जोडचिठ्ठी राहू द्या. वेगवेगळ्या करा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नगराळ्यांना ठाऊक आहे?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी कात्री घेतली आणि आमच्या दोघांच्या नावांच्या मधून कागद कापला.

शाळेच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. नगराळे सर धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट घालून आले आणि माझ्या शेजारी बसले. मांडीवर आलेखाच्या कागदाची सुरळी. आधी जोडचिठ्ठ्या निघाल्या. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी सर थोडे पुढे झुकायचे. तिसरी झाल्यावर देव मास्तर म्हणाले, "आता एकेरी." सर हात वर करून उभे राहिले. "देव सर, आमची राहिली."

देव मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत होतो. तोंड उघडायला मला पुष्कळ वेळ होता. रामजीनं चिठ्ठ्यांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, कुणीतरी खोकलं, आणि मी तसाच बसून होतो.

सर उभेच होते. मग ते म्हणाले, "हां हां. माझ्याच लक्षातून गेलं. मीच गावंडे सरांना म्हणालो होतो, वेगळी करू म्हणून. आईचं यायचं अजून नक्की नाही. चालू द्या, मंजूर." आणि खाली बसले.

एवढ्या माणसांदेखत त्यांनी मला झाकून घेतलं. मला चार नंबरचा प्लॉट लागला, रस्त्याकडचा. त्यांना अकरावा, नाल्याच्या काठी. देव मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळा उघडून बसलो. मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. भाकरीचं फडकं घेऊन आले आणि माझ्या समोर न बसता माझ्याच बाकावर, शेजारी बसले. दोघं खिडकीकडे तोंड करून जेवलो. पुस्तक त्यांनी आणलं नव्हतं. पुन्हा कधी आणलंही नाही.

आठवड्यानं धीर करून मी आरा मशीनमागच्या खोलीवर गेलो. रविवार असल्यानं मशीन बंद होती. सरांनी चहा टाकला. मी खरं सांगायला गेलो होतो, देवाशप्पथ सांगायलाच गेलो होतो. पण तोंडातून निघालं ते असं, "काय सांगू सर, घरातून विरोध झाला. सुमन तयार नाई झाली. बायकांचं असं असते."

ते चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवून म्हणाले, "वहिनींचं बरोबर हाय. आपन दिवसभर शायेत असतो. तिथं दिवस त्यायले काढाचा होता." मग कप माझ्यापुढे ठेवून, "मंजूर," म्हणाले.

मला हलकं वाटलं. चहा चांगला झाला होता, मी तो पिऊन निघालो.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मुलांची नाटकं संपल्यावर गर्दीत नगराळे सर सुमनपाशी गेले. मी चार हातांवर होतो, ऐकू येत होतं, पण मध्ये पडता आलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, मनात काही ठेवू नका. तुमचं बरोबर होतं. आईलाही मी तसंच कळवलं आहे." नमस्कार केला आणि छत्री घेऊन निघून गेले.

घरी जाताना रस्ताभर सुमन माझ्या दोन पावलं पुढे चालली. दारात आल्यावर कुलूप काढता काढता तिनं विचारलं, "काय बरोबर होतं माहं?"

मला सांगावं लागलं. वडील, शांती, देव मास्तर, कात्री, सगळं. ती सातवी शिकलेली बाई, सोवळं-ओवळं तिच्या माहेरीही होतंच. ती नाही म्हणाली असती की हो, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिला विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मी कधी नाई म्हनलं? तुमीच माह्या तोंडून नाई म्हनलं. उद्याच्या उद्या जा अन् त्यायले सांगून या, का बायको नाई, मीच भेलो."

"जातो," मी म्हणालो.

गेलो नाही. आधी परीक्षा होत्या, मग घराचा पाया खणायचा होता, मग शांतीचं लग्न निघालं. माणसाला कारणांचा कधी तोटा पडत नाही. सुमननं दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. ती माझा डबा मात्र आता स्वतः घासू लागली, शाळेतून घासून आणलेलासुद्धा. राळेगावचे पाव्हणे आले, घर पाहून, पाणी पिऊन गेले. शेजारी कोण राहतं, हे त्यांनी विचारलंही नाही.

१९६१ च्या जूनमध्ये नगराळे सर उमरखेडच्या शाळेत गेले. अकरा नंबरचा प्लॉट त्यांनी परत करून टाकला होता. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी मला बोलायला सांगितलं, कारण 'तुमची मैत्री सर्वांना ठाऊक आहे'. मी बोललो. मैत्रीवर बोललो, दहा मिनिटं. सर मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होते. आजही कुठं बोलायला उभा राहिलो की मला ते दहा मिनिटांचं भाषण आठवतं.

शेवटचे भेटले ते चार वर्षांनी. मॅट्रिकच्या परीक्षेवर सुपरवायझर म्हणून मला उमरखेडला पाठवलं होतं. काम संपवून दुपारी स्टँडवर आलो. पुसदच्या बसपाशी एक काळी छत्री दिसली आणि छत्रीखाली सर. केस पांढरे व्हायला लागलेले. शेजारी ठेंगणी, काळीसावळी म्हातारी, पांढरं लुगडं, हातात पिशवी. मला वळून जाता आलं असतं, पण तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"गावंडे सर!" त्यांना आनंद झाला होता. खोटा नव्हता. माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि म्हातारीकडे वळून म्हणाले, "माय, हे गावंडे सर. पांढरकवड्याचे. आपले शेजारी होनार होते."

म्हातारीनं कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "हे का थे? अवं बाप्पा! तुमच्यापाई मी गठोडं बांधून ठेवलं होतं ना. गाय देऊन टाकली होती." आणि मुलानं कळवलेलं असूनही, माझ्या तोंडून ऐकायचं म्हणून, अगदी सरळ, काही मनात न ठेवता विचारलं, "मंग काहून नाई झाले शेजारी?"

मी सरांकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणतील, मला पुन्हा झाकून घेतील, अशी मला आशा होती. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी उत्तर या वेळी माझ्यावर सोडलं होतं. मला वाटतं, ते थांबले होते. सहा वर्षं थांबले होते.

मी म्हणालो, "चिठ्ठी नाई निघाली, आई."

सरांनी माझा हात सोडला. कंडक्टरनं घंटी दिली. त्यांनी आधी आईला चढवलं, पिशवी वर दिली, छत्री मिटली आणि स्वतः चढले. म्हातारीला खिडकीची जागा मिळाली. बस हलायच्या आत तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी खिडकीखाली गेलो. ती हळूच, मुलाला ऐकू जाऊ नये अशी बोलली, "तुमच्या बायकोले सांगजा बाप्पा, माह्या मनात काई नाई तिच्याबद्दल. लेकीच्या जातीले भेव असते. मले समजते."

तिच्या पलीकडे सर बसले होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत होते, आणि बस स्टँडाबाहेर जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

घरी पोचलो तेव्हा सुमन अंगणात गहू निवडत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "उमरखेडले कोनी भेटलं काय?"

"नाई," मी म्हणालो.